पेटीखालचे पाणी आणि व्हर्मीवॉश

बेंगळुरूतील अनेक घरांच्या गच्चीवर आणि सज्जात आज गांडूळपेटी दिसते. स्वयंपाकघरातील साली, देठ आणि निवडलेल्या भाजीचा पाला पेटीत जातो. दोन-तीन महिन्यांनी काळसर, भुसभुशीत खत हाती येते आणि मधल्या काळात तळाच्या तोटीतून गडद तपकिरी पाणी झिरपत राहते. हे पाणी ‘व्हर्मीवॉश’ म्हणून बाटलीत भरले जाते, कुंड्यांवर फवारले जाते, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले जाते. महाराष्ट्रातील परसबागांत आणि बचत गटांच्या गांडूळखत प्रकल्पांतही हीच प्रथा रुजत आहे. या लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : पेटीखाली आपोआप गळणारे पाणी व्हर्मीवॉश नव्हे. दोहोंना एकच नाव दिल्याने शेतकऱ्याचे पीक, ग्राहकाचे आरोग्य आणि खुद्द गांडूळपेटी या तिन्हींचे नुकसान होऊ शकते. ही सरमिसळ थांबवण्याची जबाबदारी प्रामुख्याने विस्तार कार्यकर्त्यांवर येते.

बेंगळुरूचा दाखला का घ्यावा

या विषयात बेंगळुरूला दुहेरी महत्त्व आहे. पहिले महत्त्व शास्त्राचे. येथील कृषी विज्ञान विद्यापीठात डॉ. राधा काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय परिस्थितीत गांडुळांकडून सेंद्रिय कचऱ्याचे खत करून घेण्याचा पद्धतशीर अभ्यास केला. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही आपल्याकडे आढळणारी जात कचरा विघटनासाठी कितपत उपयोगी पडते, यावरील त्यांचा शोधनिबंध १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज गांडूळखत प्रकल्पांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या युड्रिलस युजेनी या आफ्रिकी जातीवरही या विद्यापीठात काम झाले.

दुसरे महत्त्व कचऱ्याचे. २०११ च्या जनगणनेनुसार बेंगळुरू महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ८४ लाख होती. या महानगराचा मिश्र कचरा वर्षानुवर्षे मावळ्ळीपुरा आणि मंडूर या गावांच्या शिवारात टाकला गेला. ग्रामस्थांनी दीर्घकाळ विरोध केल्यानंतर २०१२ मध्ये मावळ्ळीपुरा आणि २०१४ च्या अखेरीस मंडूर येथे कचरा टाकणे बंद झाले. डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने घरोघरी ओला, सुका आणि नाकारलेला कचरा वेगळा ठेवण्यासाठी ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत बंधनकारक केली. त्यापूर्वीच, २००६ पासून, ‘डेली डंप’ या बेंगळुरूच्या उपक्रमाने मातीच्या मडक्यांत घरच्या घरी खत करण्याची पद्धत लोकप्रिय केली होती. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी जे सोसले, ते ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला मंडूरची कहाणी परकी वाटणार नाही.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की घरातील गांडूळपेटी हा केवळ हौसेचा विषय उरलेला नाही. एका घराची पेटी बिघडून बंद पडली, की त्या घराचा ओला कचरा पुन्हा गाडीत जातो आणि कोणत्या तरी गावाच्या वाट्याला येतो. पेटी बंद पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे अतिरिक्त ओलावा आणि त्यातून सुटणारी दुर्गंधी. ज्या पाण्याला आपण कौतुकाने द्रवरूप खत म्हणतो, ते बहुतेक वेळा याच बिघाडाची पहिली खूण असते. त्याला फायदा मानणारा मनुष्य पेटी कोरडी करण्याऐवजी बाटली भरण्याची वाट पाहतो. चुकीचे नाव अशा रीतीने चुकीच्या सवयीला बक्षीस देते.

पाणी येते कोठून

याचा हिशेब सोपा आहे. भाज्यांच्या आणि फळांच्या सालींत ८० ते ९० टक्के पाणी असते. एक किलो सालींत ८५० ग्रॅम पाणी आणि १५० ग्रॅम कोरडा अंश आहे, असे धरू. पेटीतील ओलावा ७० टक्के राखायचा असेल, तर १५० ग्रॅम कोरड्या अंशासोबत केवळ ३५० ग्रॅम पाणी सामावू शकते. उरलेल्या ५०० ग्रॅम पाण्याला वाफ होऊन उडून जाणे किंवा तळाशी झिरपणे, एवढेच मार्ग उरतात. झाकणबंद प्लॅस्टिकच्या पेटीत वाफ फारशी निघत नाही, म्हणून पाणी झिरपते.

आता त्याच एक किलो सालींत २५० ग्रॅम वाळलेला पाला मिसळला, तर चित्र बदलते. पाल्यात १० टक्के ओलावा धरला, तरी कोरडा अंश ३७५ ग्रॅम होतो आणि त्यात ७० टक्के ओलाव्याने ८७५ ग्रॅम पाणी मावते. सालींचे आणि पाल्याचे मिळून पाणीही तेवढेच भरते. थेंबही गळण्याचे कारण उरत नाही. पाला नसेल तर नारळाचा काथ्या, फाडलेला पुठ्ठा, लाकडाचा भुसा किंवा उसाचे पाचट यांपैकी काहीही चालते. या कोरड्या कर्बयुक्त पदार्थांमुळे कर्ब-नत्र गुणोत्तरही २५ ते ३० च्या आसपास राहते आणि नत्र अमोनिया होऊन उडून जात नाही.

दुसरा हिशेब गांडुळांच्या भुकेचा. अनुकूल स्थितीत गांडुळे दररोज आपल्या वजनाच्या साधारण निम्मे खाद्य खातात. पाव किलो गांडुळांनी सुरू केलेली पेटी सुरुवातीला दिवसाला सव्वाशे ग्रॅम कचरा पचवू शकते. चौघांच्या कुटुंबाचा ओला कचरा मात्र दिवसाला किलोच्या घरात जातो. सगळा कचरा पहिल्याच आठवड्यापासून पेटीत टाकला, तर न खाल्लेला कचरा सडतो, पेटीत प्राणवायू कमी पडतो आणि त्वचेवाटे श्वास घेणारी गांडुळे झाकणाकडे चढू लागतात. अशा वेळी तळाशी जमा होणारे पाणी गांडुळांच्या पोटातून गेलेल्या पदार्थाचे नसते. ते सडणाऱ्या भाजीचे पाणी असते. त्यात अर्धवट विघटन झालेल्या शर्करा, सेंद्रिय आम्ले आणि क्षार असतात.

तीन द्रव, तीन नावे

व्यवहारात तीन वेगळी द्रव्ये एकाच नावाने ओळखली जातात. त्यांची नावे वेगळी केली, की बराचसा गोंधळ मिटतो.

पहिले, पेटीचे निचरा पाणी. ते आपोआप गळते. त्याची गुणवत्ता रोजच्या कचऱ्यावर अवलंबून असते आणि म्हणून रोज बदलते. केळीच्या साली अधिक गेल्या तर पालाश वाढते, खारट उरलेसुरले अन्न गेले तर सोडियम वाढते. आंबूस वास येत असेल तर त्यात प्राणवायूविना वाढणारे जीवाणू आहेत, असे समजावे.

दुसरे, व्हर्मीवॉश. हे मुद्दाम तयार करावे लागते. चेन्नईचे डॉ. सुलतान अहमद इस्माईल यांनी प्रसृत केलेल्या पद्धतीत पिंपाच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी, त्यावर जाड वाळू, त्यावर माती आणि सर्वांत वर शेण व पेंढा अशी रचना असते. मातीत बिळे करणारी आणि पृष्ठभागावर राहणारी, अशा दोन्ही प्रकारची गांडुळे सोडली जातात. पिंप मुरल्यानंतर वर टांगलेल्या भांड्यातून रात्रभर थेंब थेंब पाणी सोडतात आणि सकाळी तोटीतून अर्क काढतात. हे पाणी गांडुळांच्या बिळांतून, विष्ठेतून आणि शरीरावरील स्रावातून गाळून येते. वाळू आणि खडीच्या थरांतून ते स्वच्छ होते. येथे कच्चा भाजीपाला नसतो, ही बाब सर्वांत महत्त्वाची.

तिसरे, गांडूळखताचा अर्क. पूर्ण तयार झालेले, मातीचा वास असलेले गांडूळखत कापडी पिशवीत बांधून पाच ते दहापट पाण्यात भिजवायचे, पाणी ढवळत किंवा पंपाने हवा देत एक दिवस ठेवायचे, गाळायचे आणि त्याच दिवशी वापरायचे. घरगुती पेटीवाल्यासाठी हा सर्वांत सोपा आणि खात्रीचा मार्ग आहे, कारण त्यात कोणते खत किती घेतले, हे आपल्या हाती राहते.

हे खत की पूरक

‘द्रवरूप खत’ या शब्दामुळेही अपेक्षा भलत्या वाढतात. उदाहरणादाखल, एखाद्या द्रवात ०.१ टक्के नत्र आहे असे सढळ हाताने धरू. म्हणजे लिटरला एक ग्रॅम. एक भाग द्रव व नऊ भाग पाणी या प्रमाणात हेक्टरी ५०० लिटर फवारणी केली, तर त्यात ५० लिटर द्रव आणि अवघे ५० ग्रॅम नत्र जाते. ४५ किलोच्या युरियाच्या एका गोणीत २० किलोंहून अधिक नत्र असते. दुसरीकडे एक टक्का नत्र असलेले एक टन गांडूळखत जमिनीला १० किलो नत्र देते, शिवाय सेंद्रिय कर्बही देते. पिकाची भूक भागवण्याचे काम घन खताचे आहे.

मग फवारणीनंतर पाने तजेलदार दिसतात, या शेतकऱ्यांच्या अनुभवाचे काय? तो अनुभव नाकारण्याचे कारण नाही. गांडूळखताच्या अर्कात ह्युमिक पदार्थ, वाढीस चालना देणारी संजीवकसदृश द्रव्ये आणि उपयुक्त सूक्ष्मजीव असतात. त्यांचा परिणाम अल्प मात्रेतही दिसू शकतो. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्‌स आणि नॉर्मन अरान्कोन यांनी याच अंगाने संशोधन केले आहे. म्हणून या द्रवाला पूरक किंवा संजीवक म्हणणे योग्य ठरेल. खताची मात्रा त्याच्या भरवशावर कमी करण्याचा सल्ला देणे मात्र धोक्याचे आहे. पीक पिवळे पडते तेव्हा नुकसान शेतकऱ्याचे होते आणि अविश्वास सेंद्रिय शेतीच्या वाट्याला येतो.

कच्च्या भाज्यांचा प्रश्न

बेंगळुरूच्या गच्च्यांवर कोथिंबीर, पुदिना, पालक आणि सॅलडची पाने मोठ्या हौसेने पिकवली जातात. यातील बरीचशी कच्ची खाल्ली जातात. गांडूळखत करताना ढिगाचे तापमान उच्च-उष्णतेच्या कंपोस्टइतके चढत नाही, कारण ३५ अंशांच्या वर गांडुळेच तगत नाहीत. म्हणून रोगकारक जीवाणू उष्णतेने मरतील, अशी हमी येथे नसते. खत पूर्ण पक्व होईपर्यंत धीर धरणे, हाच सुरक्षिततेचा पाया आहे. निचरा पाण्याच्या बाबतीत ही पक्वता मुळातच नसते.

अर्कात गूळ घालून जीवाणू वाढवण्याची पद्धतही जपून वापरावी. गूळ हितकारक जीवाणूंना जसा पोसतो, तसाच अपायकारक जीवाणूंनाही पोसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या कार्यगटाने २००४ मध्ये कंपोस्ट अर्काविषयी दिलेल्या अहवालात हीच सावधगिरी सांगितली आहे. असे पोषक पदार्थ घालून केलेला आणि न तपासलेला अर्क कच्च्या शेणखताप्रमाणे मानावा, म्हणजे वापर आणि काढणी यांत ९० ते १२० दिवसांचे अंतर ठेवावे, अशी त्या कार्यगटाची शिफारस होती. महिन्याभरात काढणीला येणाऱ्या कोथिंबिरीवर असा अर्क फवारणे कसे बसते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

एक रास्त आक्षेप

यावर काही अनुभवी शेतकरी म्हणतील, “निचरा पाणी इतके वाईट असेल, तर त्यावर झाडे वाढतात कशी?” आक्षेप रास्त आहे. २००८ मध्ये मेक्सिकोतील संशोधकांनी ज्वारीवर गांडूळखताचे निचरा पाणी वापरून पाहिले. त्याने वाढीला चालना मिळाली, परंतु पूर्ण वाढीसाठी नत्र, स्फुरद आणि पालाश वेगळे द्यावेच लागले. म्हणजे निचरा पाणी निरुपयोगी नाही. त्याचे घटक अनिश्चित आहेत आणि ते एकटे पुरेसे नाही, एवढाच याचा अर्थ.

म्हणून ते फेकून द्यावे, असेही या लेखाचे म्हणणे नाही. पेटीवरील सुक्या पाल्यावर ते परत शिंपडावे, पाला भिजेल आणि अन्नद्रव्ये पेटीतच राहतील. किंवा किमान दहापट पाणी मिसळून शोभेच्या झाडांच्या आणि फळझाडांच्या बुंध्याशी जमिनीत द्यावे. पानांवर, रोपवाटिकेत आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर ते वापरू नये. दुर्गंधी असेल तर अगोदर पेटी सुधारावी. ठिबक संचातून तर कोणताही असा द्रव बारीक गाळणीशिवाय सोडू नये, तोट्या बुजतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे

पहिली गोष्ट, प्रशिक्षणात घन खताला अग्रस्थान द्यावे आणि यशाची कसोटी बदलावी. किती बाटल्या भरल्या, यापेक्षा तळाचा ट्रे किती कोरडा राहिला, हे विचारावे. पेटीतील मूठभर माल दाबला असता बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. ही चाचणी शाळकरी मुलालाही जमते.

दुसरी गोष्ट, द्रव देण्यापूर्वी बियाण्यावर पारख करायला शिकवावे. दोन बशांत ओला कागद ठेवून प्रत्येकीत मुळ्याचे किंवा मेथीचे वीस दाणे घालावेत. एका बशीत साधे पाणी, दुसरीत फवारणीच्या प्रमाणात पातळ केलेला द्रव घालावा. चार-पाच दिवसांनी उगवलेले दाणे मोजावेत आणि मुळांची लांबी पाहावी. द्रवाच्या बशीत उगवण कमी झाली किंवा मुळे आखूड व तपकिरी राहिली, तर तो द्रव पिकाला देण्याजोगा नाही. या पारखीला प्रयोगशाळा लागत नाही.

तिसरी गोष्ट, शेतात दोन ओळी राखून ठेवाव्यात. एका ओळीवर व्हर्मीवॉश, शेजारच्या ओळीवर त्याच दिवशी तेवढेच साधे पाणी फवारावे. कोरडवाहू भागात नुसत्या पाण्याच्या फवारणीनेही पाने काही काळ टवटवीत दिसतात. तुलना नसेल तर श्रेय कोणाला द्यायचे, हे कळत नाही.

चौथी गोष्ट, बचत गट किंवा गृहसंस्था द्रव विकत असतील, तर बाटलीवर चार ओळी लिहिण्याचा आग्रह धरावा : द्रवाचा प्रकार, कच्चा माल, तयार केल्याची तारीख आणि पाण्याचे प्रमाण. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये २००६ साली सेंद्रिय खतांचा समावेश झाला आणि गांडूळखतासाठी ओलावा, सेंद्रिय कर्ब, अन्नद्रव्ये तसेच शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंच्या मर्यादा ठरल्या. हे निकष घन खतासाठी आहेत. त्याच धर्तीवर व्हर्मीवॉशची निर्मितीपद्धत आणि किमान गुणवत्ता यांबाबत संशोधन संस्थांनी एकसारखी शिफारस द्यावी, ही मागणी आता लावून धरायला हवी.

पाचवी गोष्ट स्थानिक हवामानाची. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा गांडुळांना बारमाही मानवते. विदर्भ आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. तेथे बेंगळुरूची प्लॅस्टिकची पेटी जशीच्या तशी नेणे उपयोगाचे नाही. मातीची सच्छिद्र मडकी, ओल्या गोणपाटाचे आच्छादन आणि उत्तरेकडची सावली यांची जोड द्यावी लागेल. कोकणात प्रश्न उलटा आहे. तेथे पावसाळ्यातील दमट हवेत वाफ उडत नाही, म्हणून सुक्या पाल्याचे प्रमाण वाढवावे आणि तो मे महिन्यातच गोळा करून ठेवावा.

शहर आणि शिवार

घरगुती गांडूळखताचे खरे मोल त्याच्या शुद्धतेत आहे. मिश्र कचऱ्यातून वेगळ्या केलेल्या खतात काचेचे कण, प्लॅस्टिकचे तुकडे आणि धातूंचे अंश येण्याची भीती असते. घरच्या पेटीत जे गेले ते घरच्यांनी स्वतःच्या हाताने टाकलेले असते. शहरांनी आपला ओला कचरा असा उगमापाशीच स्वच्छ ठेवला, तर मंडूर आणि फुरसुंगीसारख्या गावांवरील भार हलका होईल आणि शहराभोवतीच्या शेतकऱ्याला निर्धोक सेंद्रिय खत मिळण्याची शक्यता वाढेल. पुणे महानगरपालिका गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना करात सवलत देते, तीही याच विचाराने.

ही साखळी टिकायची असेल, तर पेटी वर्षानुवर्षे चालली पाहिजे. ती चालवणाऱ्याला पहिल्या दिवशी बाटलीभर चमत्काराचे आश्वासन देण्यापेक्षा मूठभर वाळलेल्या पाल्याचे महत्त्व पटवून देणे अधिक हिताचे आहे. पुढील प्रशिक्षण वर्गात व्हर्मीवॉशची बाटली दाखवण्याआधी प्रत्येक कार्यकर्त्याने एक प्रश्न विचारावा : हे पाणी गळलेले आहे, की काढलेले? उत्तर मिळाल्यावरच पिकावर किती आणि कसे द्यायचे, याचा विचार सुरू व्हावा.